बॉनेटवर उमटलेली माझी वीण

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी ताडपत्री आहे; ऑइलने माखलेली, कडांना दोऱ्या लोंबणारी आणि पोटावर हा एवढा मोठा लाल डाग मिरवणारी. माझा जन्म इंग्लंडात, लँकेशायरमधल्या एका गिरणीत झाला. जाड सुताचे कापड आणि त्यावर मेणाचा हात. पहिली काही वर्षे मी एका ट्रकवर बटाट्यांची राखण केली. मानाची नोकरी होती. मग ट्रकवाल्याने प्लॅस्टिकची नवी आणली आणि मला नॉर्मन थ्रेलफॉलच्या गळ्यात मारले.

नॉर्मन आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. त्याने सुट्या भागांची मोटार मागवली होती. घरी जोडायची, दोन माणसांची, बिनछपराची. जूनमध्ये मुलीला, हेझलला, लग्नासाठी याच गाडीतून चर्चला नेणार, असे त्याने साऱ्या गल्लीला सांगून ठेवले होते. घराला गॅरेज होते, पण त्यात गाडी ठेवायची आमच्या गल्लीत पद्धत नाही. तिथे जुने सोफे आणि रंगाचे अर्धे डबे राहतात. म्हणून गाडी अंगणात आणि तिच्यावर मी.

नॉर्मनने मला बाजूला करून पाना हातात घेतला की पावसाचे शिंतोडे सुरू व्हायचे. मला पसरून तो चहाला आत गेला की लख्ख ऊन. ऑक्टोबरपासून गाडीपेक्षा चहाच जास्त झाला. शेजारचा सिरिल रोज कुंपणावरून डोकावून विचारायचा, "जून कोणत्या सालचा, नॉर्मन?"

नॉर्मनच्या बायकोने, बेरिलने, गुपचूप एक टॅक्सी सांगून ठेवली. खिडकी उघडी होती म्हणून मला ऐकू आले. मला फार वाईट वाटले.

मे संपता संपता ऊन पडले. आमच्याकडे ऊन पडले की माणसांची अक्कल गहाण पडते. सिरिलने शर्ट काढून कोळशावर सॉसेज भाजायला घेतले आणि नॉर्मनने एका दमात सगळी गाडी लाल रंगवली. सॉसेज उलटायच्या आत पाऊस आला. नॉर्मनने घाबरून ओल्या रंगावरच मला टाकले. दुसऱ्या दिवशी ओढून काढले तेव्हा माझे पोट लाल झाले होते आणि बॉनेटभर माझी वीण उमटली होती, धागा न् धागा. मी शरमेने अर्धी झाले.

आमची माणसे तोंडावर वाईट बोलत नाहीत. सगळी गल्ली पाहून गेली. वेगळीच झाली आहे, असे कुणी म्हणाले. सिरिलने तर चक्क कौतुक केले, आणि तेव्हा कुठे नॉर्मनला कळले की गाडी किती वाईट दिसते आहे. पण पुन्हा रंगवायला वेळ नव्हता.

लग्नाच्या सकाळी स्वच्छ ऊन होते. आज ताडपत्रीचे तोंडही पाहायचे नाही, असे नॉर्मनने जाहीर केले. बेरिलने मुकाट्याने माझी घडी केली आणि टॅक्सीत पायाशी घेतली. टॅक्सी फक्त माझ्यासाठी आहे, असे तिने त्याला सांगितले होते. हेझल बापाशेजारी बसली. चर्च मैलभर राहिले असताना आभाळ फुटले.

नॉर्मनने गाडी थांबवली. त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होते.

"जा बाळा, आईबरोबर टॅक्सीत बस," तो म्हणाला. "मी येतो मागून."

मागोमाग आलेल्या टॅक्सीचे दार बेरिलने उघडले. हेझल धावत आली, पण आत बसली नाही. वाकून तिने माझ्याकडे हात केला.

"आई, मला फक्त ती दे."

"अगं, तिला ऑइलचा वास येतोय."

"बाबांनाही येतोय. आठ महिने येतोय."

पुढचा मैल आम्ही तिघांनी मिळून कापला. मी बापलेकीच्या डोक्यावर, आणि मला घट्ट धरून हेझल पोट दुखेपर्यंत हसत होती. चर्चच्या दारात सिरिल छत्री घेऊन उभा होता. त्याने बॉनेटवरून हात फिरवला.

"रंग भयानक आहे, नॉर्मन," तो म्हणाला. "पण गाडी झाली."

आठ महिन्यांत कुणी खरे बोलले नव्हते. नॉर्मनचे डोळे भरून आले.

मित्रांनो, ताडपत्रीला फार काही लागत नाही. ओली असताना तिची घडी घालू नका, एवढेच, बुरशी येते. नॉर्मन आता मला आधी कुंपणावर वाळत घालतो आणि मग चहाला जातो. बॉनेट त्याने दोनदा पुन्हा रंगवायला काढले होते. हेझलने हात लावू दिला नाही.