चाळिसावा भाग

शुक्रवारी सकाळी दहा वाजले की थोरली जाऊ फोन कागदांच्या गठ्ठ्याला टेकवून उभा करायची आणि छापील तावांची चळत पुढ्यात ओढून बसायची. घरच्यांनी कौतुकानं कारखाना म्हणायचं एवढंच. प्रत्यक्षात घराखालच्या दोन खोल्या, एक कटिंग मशीन, एक दाबयंत्र आणि भिंतींत मुरलेला खळीचा वास. बाहेर पाटी होती, ‘पुस्तक बाइंडिंग’. कामाच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन जावा सव्वीस वर्षं समोरासमोर बसल्या होत्या. एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा तयार, फर्मे क्रमानं लावले की शिवण, आणि मग पुठ्ठा. हात त्यांचे चालायचे आणि तोंडंही. आता धाकटीच्या जागेवर पुठ्ठ्यांची थप्पी होती आणि धाकटी फोनमध्ये होती.

धाकटीच्या नवऱ्याच्या, म्हणजे दिराच्या, छातीचं दुखणं निघालं. मोठे डॉक्टर मुलाच्या शहरात. मुलगा म्हणाला, आता इकडेच या. दीर तयार झाला आणि दिराच्या मागे धाकटीला तयार व्हावंच लागलं. निघायच्या दिवशी गाडी दारात उभी, सामान चढलेलं, आणि दोघी जावा उंबऱ्याशी उभ्या. रडणंबिडणं काही नाही. थोरली एवढंच म्हणाली, “गुरुवार चुकवू नकोस.” धाकटी म्हणाली, “नाही चुकवणार, ताई.” गाडीजवळ उभे असलेले दोघे भाऊ हसले. सव्वीस वर्षं एका घरात काढली आणि निरोप कसला, तर सिरियलचा.

पुरुषांना हसायला काय जातं. सासूबाई होत्या तोवर दोघी जावांनी मनातलं काही बोलावं अशी सोय नव्हती. एकीनं दुसरीपाशी जरा हुंदका दिला, की संध्याकाळपर्यंत घरभर त्याचा बोभाटा. तेव्हापासून दोघींनी अंगवळणी पाडून घेतलं होतं, बोलायचं ते सिरियलमधल्या माणसांबद्दल. तिथली नायिका माहेरच्या आठवणीनं कासावीस झाली की धाकटी अर्धा तास तिच्याबद्दल बोलायची, आणि थोरलीला कळायचं. कळलं असं म्हणायची मात्र नाही. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली, सवय काही गेली नाही.

त्या बारा वर्षांत एक नियम पडला होता. शुक्रवारी पहिला ताव दुमडायच्या आधी पुढच्या गुरुवारी काय होणार, ते दोघींनी सांगायचं. थोरलीचा अंदाज तिनात एकदा तरी बरोबर यायचा. धाकटीचा कधीच नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. तिनं कुणाला मरणाच्या दारात नेऊन ठेवावं, तर तो पुढच्या भागात बोहल्यावर चढलेला. तिनं एखादीला गरीब गाय ठरवावं, तर तीच घरात आग लावणारी निघावी. थोरलीचा नवरा कटिंग मशीनवरून ओरडायचा, “तिनं सांगितलं की उलटं धरून चाला.” आणि तरी दर शुक्रवारी धाकटी डोळे मोठे करून, छातीवर हात ठेवून नव्यानं सांगायची. “या वेळी पक्कं. या वेळी मला आतून वाटतंय.”

हल्ली चालू होती ती सिरियल परदेशातली होती, आपल्या भाषेत आवाज घातलेली. भाग चाळीस, आठवड्याला एक, गुरुवारी संध्याकाळी साडेसातला. नदीकाठी एक बाई खानावळ चालवते. सहाव्या भागात तिचा नावाडी ‘पाणी ओसरलं की येतो’ असं सांगून जातो, आणि पाणी ओसरून वर्षं लोटली तरी येत नाही. एक टोपीवाला तिच्या खानावळीवर डोळा ठेवून असतो. नावं दोघींच्या लक्षात राहत नसत, म्हणून खानावळवाली, नावाडी आणि टोपीवाला. सहावा भाग दोघींनी एकत्र बघितला आणि पुढच्या सोमवारी धाकटी गेली.

थोरलीच्या मुलाला या गुरुवारांचं मोठं हसू यायचं. “आई, अगं ती सिरियल तिकडे दोन वर्षांपूर्वीच संपली. चाळीसच्या चाळीस भाग नेटवर आहेत. रविवारी लावून देतो, दोन बैठकीत उरकून टाक.”

“उरकायला ते काय धुणं आहे?”

“मग सहा दिवस जीव टांगणीला लावून काय मिळतं?”

“तुला चाळीस दिवसांचं जेवण एका ताटात वाढते, जेव आणि मग सांग,” थोरली म्हणाली, आणि पोरगा हसत वर निघून गेला. सहा दिवसांत काय मिळतं, ते त्याला सांगून कळण्यातलं नव्हतं. शनिवारी भाजी निवडताना टोपीवाल्याचा राग यायचा. सोमवारी वाटायचं, तोही बिचारा एकटाच आहे. बुधवारपर्यंत खानावळवाली घरातलीच कुणी झालेली असायची. आणि शुक्रवारी या सगळ्याला ऐकणारं माणूस असायचं.

चार महिने ठीक चाललं. फोन आला की आधी धाकटीचा अंदाज, मग हसणं, मग तासभर गप्पा. मागे कसलीतरी बारीक सळसळ ऐकू यायची. थोरलीला वाटायचं, पंखा असेल.

तेविसाव्या भागाआधी धाकटी म्हणाली, “टोपीवाला तिचा सख्खा भाऊ निघणार बघा.” आणि निघाला. थोरली इतकी हसली की नवऱ्यानं मशीन थांबवलं. बारा वर्षांनी का होईना, पोरीनं नाव काढलं! पुढच्या शुक्रवारी धाकटीनं सांगितलं, खानावळीत चोरी होईल, पण पैशांची नाही, पत्रांची. गुरुवारी पत्रं गेली. थोरली हसली, पण जरा कमी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी धाकटी म्हणाली, “चुलीमागची भिंत पडेल.” गुरुवारी साडेसातला थोरली टीव्हीसमोर बसली होती. आणि चुलीमागची भिंत पडायला लागली.

म्हणजे हिनं सगळं बघून टाकलंय.

फसवल्याचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग थोरलीला चांगला जमायचा. हे दुसरंच होतं. धाकटी पार शेवटाला जाऊन, पाय धुऊन घरात बसली होती, आणि आपण मागे नदीकाठी एकट्याच उभ्या. दर शुक्रवारी ती मागे वळून आपल्याशी बोलत होती ते काय म्हणून? म्हातारी जाऊ बिचारी, तिचं मन राखावं, म्हणून? दयेचा फोन थोरलीला नको होता. दयेनं तिला आजवर कुणी काही दिलं नव्हतं आणि दिलं असतं तर तिनं ते तोंडावर परत केलं असतं.

पंचविसाव्या भागानंतरच्या शुक्रवारी दहाला फोन वाजला आणि ती ताव दुमडत राहिली. दुसऱ्या शुक्रवारीही वाजू दिला. त्या आठवड्यात तिनं एका शाळेच्या अहवालाच्या साठ प्रती शिवल्या आणि साठही प्रतींत शेवटचा फर्मा सुरुवातीलाच घातला. आभार आधी आणि प्रस्तावना मागाहून. नवऱ्यानं एक प्रत उचलली, चाळली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. बसून स्वतः टाके उसवायला लागला.

तिसऱ्या शुक्रवारी फोन नवऱ्याच्या खिशात वाजला. त्यानं तो चालू करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “बोला दोघी. नाहीतर माझं दुकान बुडवाल.” आणि बाहेर निघून गेला.

“ताई,” फोनमधून आवाज आला. “रागावलात?”

“मी कशाला रागवू? तुझं सगळं बघून झालंय. तू मोकळी.”

मग धाकटी म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं?”

“बारा वर्षांत एक अंदाज बरोबर नाही, आणि ओळीनं तीन? मी काय दूधखुळी आहे?”

धाकटी हसली नाही. म्हणाली, “चार दिवस सुट्टी होती, ताई. मुलगा-सून फिरायला गेली. हे गोळ्या घेऊन झोपतात ते दुपारभर उठत नाहीत. चौदाव्या मजल्यावर घर आहे, खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी. बोलणार कुणाशी? मुलानं जाताना ती सिरियल लावून दिली होती. एक भाग संपला की पुढचा आपोआप लागायचा. मला बंदही करता येईना. चार दिवसांत चाळीसपर्यंत गेले. शेवट झाला, तेव्हा घरात आवाज असा कसलाच उरला नाही. कुणाला सांगू, काय झालं ते? तुम्ही तर अजून एकविसावर. मग गुरुवार आला. माझ्या गुरुवारात काहीच नव्हतं.”

“आणि शुक्रवारी मला फोन केलास.”

“शुक्रवारी तुम्ही बाविसावा भाग सांगितलात. तो मी बघितला होता, पण एकटीनं बघताना नुसता डोळ्यांपुढून गेला होता. तुम्ही सांगितलात तेव्हा झाला तो. मग म्हटलं, आपण काही बघितलंच नाही. परत तुमच्याबरोबर चालायचं.”

“मग चुकीचा अंदाज सांगायचा होतास. तेवढं तर तुला येत होतं.”

“नाही जमलं हो,” धाकटी म्हणाली. “बारा वर्षं मी मनापासून चुकले. मुद्दाम चुकायला गेले, तर तोंडातून खरंच निघायचं.”

थोरलीनं हातातला ताव खाली ठेवला. पलीकडून तीच बारीक सळसळ येत होती. “तो पंखा बंद कर जरा,” ती म्हणाली. “नीट ऐकू येत नाही.”

“पंखा नाही. वर्तमानपत्रं दुमडतेय. हात रिकामे असले की मला तुमच्याशी बोलताच येत नाही.”

थोरलीनं ताव परत उचलला. ती पुन्हा दुमडायला लागली, आणि पाच-सात मिनिटं फोनच्या दोन्ही बाजूंना नुसता कागदाचा आवाज होत राहिला.

पुढचे बारा आठवडे नियम बदलला. अंदाज एकट्या थोरलीनं सांगायचा आणि धाकटीनं फक्त ‘हं’ म्हणायचं. त्या ‘हं’मध्ये काही सापडतंय का म्हणून थोरली कान टवकारायची. धाकटीही वस्ताद, सगळे ‘हं’ एका मापाचे. नावाडी येतो की नाही, हे थोरलीनं एकदाही विचारलं नाही. आकडे मात्र तिला दिसत होते. पस्तीस झाले. सदतीस झाले. नावाड्याचा पत्ता नव्हता, आणि थोरलीला आता त्याची काळजीही उरली नव्हती. तिला काळजी होती ती चाळिसाव्या भागानंतरच्या शुक्रवारची. नवी सिरियल लागेल, पण धाकटीच्या घरी ती एका दमात लागेल. शेवट कळला, त्यावर तासभर बोलून झालं, की दोन जावांनी एकमेकींना फोन करायला निमित्त काय? वर्षातून एकदा ‘बरी आहेस ना’ म्हणायचं आणि ठेवायचा, असे फोन तिनं आपल्या चुलत नणंदांचे बघितले होते.

चाळिसाव्या गुरुवारी मुलगासुद्धा कौतुकानं येऊन शेजारी बसला. साडेसात वाजले. खानावळीचं दार दिसलं, बाहेर कुणाचीतरी सावली दिसली, आणि थोरलीनं टीव्ही बंद केला.

“आई! अगं शेवट आहे.”

“असू दे.”

“नऊ महिने थांबलीस आणि आता?”

ती उठून भांडी लावायला गेली. मुलगा थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसला आणि मग उठून वर गेला.

शुक्रवारी दहाला फोन आला. “बघितलात?” धाकटीनं विचारलं.

“नाही.”

“वीज गेली होती?”

“नाही. बंद केला मी.”

“का हो?”

थोरलीनं ताव घेतला, एक घडी घातली, दुसरी घातली. सव्वीस वर्षांत जे कधी तोंडावाटे निघालं नव्हतं, ते असं तिसऱ्या घडीला निघेल, हे तिलाही माहीत नव्हतं. “सिरियल संपली असती तर तू फोन केला नसतास. आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय मला करमत नाही. इथं तुझ्या जागेवर पुठ्ठे रचलेत. मी रोज त्यांच्याकडे बघत बसते.”

पलीकडची सळसळ थांबली.

“आता खानावळवाली राहू दे,” थोरली म्हणाली. “तू सांग. मुलगा-सून आठला बाहेर पडतात. मग संध्याकाळपर्यंत काय करतेस?”

धाकटीला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आधी तिनं सांगितलं, खिडकीशी बसते. मग सांगितलं, चौदा मजले जिन्यानं जमत नाहीत आणि लिफ्टची भीती वाटते म्हणून ती महिना महिना खाली उतरत नाही. मग सांगितलं, सून वाईट नाही, पण घरात शब्द मोजून असतात. सांगता सांगता तिचं बोलणं तुटलं आणि ती म्हणाली, “ताई, मला परत यायचंय.”

थोरलीला माहीत होतं, ते होण्यातलं नाही. डॉक्टर तिकडे होते, मुलगा तिकडे होता, धाकटीच्या वरच्या खोलीत कागदाची रिमं भरली होती. हे सगळं धाकटीलाही माहीत होतं. ‘होईल गं सगळं नीट’ असं सिरियलमधल्या कुणाबद्दल ती सहज म्हणाली असती. जावेला मात्र तिच्यानं ते म्हणवेना.

“मलाही तू इथं हवीस,” ती म्हणाली. “रोज हवीस.”

कटिंग मशीन थांबलेलं होतं. दाराशी नवरा उभा होता. तो आत आला नाही. थोरलीनं पदरानं डोळे पुसले आणि फोन आणखी जवळ ओढला.

“शुक्रवारपर्यंत थांबू नकोस,” ती म्हणाली. “उद्याच कर.”