वीस पिशव्या

शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहून तिने शेवटचं खोकं छतापर्यंत सरकवलं आणि हात झटकले. आता भांडारात मुंगीलाही जागा नव्हती. उरलेली तीनशे खोकी बाहेर बोळात भिंतीला लावून ठेवली होती, आणि स्ट्रेचर ढकलणारे कर्मचारी सकाळपासून त्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

खाली टेबलावरचा फोन वाजला. ती सावकाश उतरली.

"मॅडम, मी डोंगरापलीकडच्या केंद्रातली सिस्टर बोलतेय. आमची खोकी निघाली का?"

"नाही अजून. मागणी गेली आहे कारखान्याकडे."

"माझ्याकडे बारा पेशंट आहेत. या खेपेला तिसरा हिस्साच आला. गुरुवारपर्यंत कसंबसं निभेल."

"पुलाचं माहीत आहे ना तुम्हाला? सगळीकडेच ओढाताण आहे, सिस्टर. आमच्याकडेही."

हे म्हणताना तिचा हात जवळच्या खोक्यावर टेकलेला होता. तो तिने उचलून घेतला.

खोक्यांमध्ये द्रावणाच्या पिशव्या होत्या. मूत्रपिंडं निकामी झालेली काही माणसं रुग्णालयात न येता घरीच उपचार करतात. पोटात बसवलेल्या नळीतून दोन लिटर द्रावण आत सोडायचं, काही तासांनी ते बाहेर काढायचं, की लगेच दुसरी पिशवी. दिवसाला चार. पिशव्या असल्या की माणूस बाजारात जातो, कामावर जातो, नातवंडांवर ओरडतो. नसल्या की काय होतं, हे भांडारप्रमुख म्हणून अकरा वर्षं काढलेल्या तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी कारखान्याच्या वाटेवरच्या मोठ्या पुलाला तडे गेले आणि तो बंद झाला. ट्रक लांबच्या वळणाने येऊ लागले. पहिली खेप चार दिवस उशिरा आली, तेव्हा तिने मागणी दुप्पट केली. दुसऱ्या खेपेत निम्मंच आलं, तेव्हा तिप्पट. अधीक्षकांनी तिच्या कागदावर सही करता करता मान डोलावली होती. "शाबास. आपल्या दारातला पेशंट आधी. बाकीच्यांचं बाकीचे बघतील."

रविवारी दुपारी ती वडिलांना जेवायला हाक मारायला गेली. ते संगणकासमोर बसले होते, चष्मा कपाळावर, नाक पडद्याला लागेल इतकं पुढे.

चौतीस वर्षं त्यांनी मालट्रक चालवला होता. गुडघे गेले, मग दोन वर्षांत आई गेली, आणि हा माणूस खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकू लागला. ते बघवेना म्हणून तिनेच त्यांना हा खेळ आणून दिला होता. त्यात नदीकाठी कारखाना, वाटेत गोदामं, लांबवर पसरलेली गावं. ट्रक लावायचे, माल पोचवायचा. गावाला माल कमी पडला की त्याच्यावरचं निशाण लाल होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी अर्धा मुलूख उपाशी मारला. आता मात्र शेजारचे लोक त्यांना 'वाहतूकमंत्री' म्हणायचे.

"बाबा, पानं वाढली आहेत."

"थांब गं. गाव लाल झालंय."

"मग दोन ट्रक जास्त लावा आणि चला."

"लावले. चार लावले. आणखीच लाल झालं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला वाटलं, रस्ता खराब. रस्ता ठीक आहे. मग वाटलं, कारखान्यातूनच येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण आड भरलेला आहे. हे बघ."

त्यांनी वाटेतल्या पहिल्या गोदामावर बोट ठेवलं. गोदाम काठोकाठ भरलं होतं. त्याच्यापुढचं अर्धं. तिसरं रिकामं.

"हे पोटात धरून बसलंय," ते म्हणाले. "जेवढे ट्रक लावतो तेवढे हेच गिळतं."

"असं का करतं ते?"

"ते कशाला करेल? मीच सांगितलंय त्याला. मागे एकदा टंचाई झाली तेव्हा घाबरून हुकूम दिला होता, आधी तू भर, मग पुढे सोड. विसरून गेलो." त्यांनी दोन-तीनदा बटण दाबलं. "आता म्हटलं, तीन दिवसांचं ठेव, बाकीचं सोडून दे. चौतीस वर्षं गाडी हाकली, पण गोदामात काय शिजतं ते आता म्हातारपणी कळतंय."

ते उठले. ती मात्र तिथेच उभी राहिली. पडद्यावर एकामागून एक ट्रक निघत होते. लाल निशाण लगेच बदललं नाही. बराच वेळ तसंच राहिलं, मग पिवळं झालं.

"चल ना," आतून वडिलांचा आवाज आला. "आता का तू खेळत बसलीस?"

जेवताना तिने भात परत घेतला आणि तसाच टाकला.

सोमवारी सकाळी तिने भागातल्या बाकीच्या पाचही रुग्णालयांच्या भांडारप्रमुखांना आणि कारखान्यातल्या माल पाठवणाऱ्या साहेबांना एकाच वेळी फोनवर घेतलं. असं कोणी कधी केलं नव्हतं. प्रत्येक जण कारखान्याशी वेगळा बोले आणि दुसऱ्याचं ताट आपल्यापेक्षा भरलेलं असणार असं धरून चाले.

"प्रत्येकाने दोन आकडे सांगायचे," ती म्हणाली. "रोज खरंच किती लागतं, आणि आज घरात किती आहे. खरे आकडे."

कोणी खोकलं. कोणाच्या तरी मागे दार आपटलं.

"बरं, मी सांगते. माझ्याकडे बावीस दिवसांचा साठा आहे."

ती थांबली. कानाशी धरलेला फोन गरम झाला होता. शेवटी सगळ्यांत ज्येष्ठ असलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या भांडारप्रमुखांनी घसा साफ केला. त्यांना सगळे आजोबा म्हणत.

"अठरा दिवस. माझ्या बायकोलासुद्धा हे सांगितलेलं नाही."

कोणीतरी हसलं आणि गाठ सुटली. सोळा. एकवीस. चौदा. एकोणीस.

"अहो, माल आम्ही जवळजवळ नेहमीइतकाच काढतोय," कारखान्यातले साहेब म्हणाले. "पण सगळ्यांची मागणी तिप्पट आली. एवढं कुठून देणार? म्हणून सगळ्यांनाच मागितलं त्याचा तिसरा हिस्सा दिला."

म्हणजे ज्यांनी तिप्पट मागितलं त्यांना पुरेसं मिळालं. पहिल्या खेपांच्या गोंधळात जास्तीचंही जमलं. आणि जिने लागतं तेवढंच मागितलं त्या डोंगरापलीकडच्या सिस्टरला तिसरा हिस्सा. तिने समोरच्या कागदावर रेघा ओढल्या. पेन्सिलीचं टोक तुटलं.

अधीक्षकांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून तिने विचारलं नाही. चिठ्ठी लिहून कळवलं, आणि ती चिठ्ठी त्यांच्या टेबलावर पोचेपर्यंत बोळातली खोकी ट्रकमध्ये चढली होती. लगोलग बोलावणं आलं.

"उद्या आपल्याकडे कमी पडलं तर?"

"तर आजोबांकडून येईल. त्यांनी तसं लिहून दिलंय."

"आणि नाही आलं तर?"

"तर माझी चूक, सर. तेही मी लिहून दिलंय."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि तिच्यावर पेपरवेट ठेवला.

ट्रकबरोबर ती स्वतः गेली. अकरा वर्षं ती त्या केंद्राला खोकी पाठवत होती, पण ते कधी पाहिलं नव्हतं. वळणाचा रस्ता दिवसभर संपेना. वाटेत मुक्काम करून बुधवारी सकाळी पोचली, ती आणि तिची खोकी.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. फोनवर ऐकलेल्या आवाजावरून तिने सिस्टर उंच असेल असं धरलं होतं. ती ठेंगणी होती, आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिने खोक्यांकडे पाहिलं, मग चालकाला जागा दाखवली.

"चांगलं झालं, मॅडम. उद्यापर्यंतचंच उरलं होतं."

"बारा जणांना महिनाभर पुरेल," ती म्हणाली.

"अकरा." सिस्टरने पाण्याचा पेला पुढे केला. "आमचे टेलरकाका रविवारी गेले. छातीत पाणी भरलं होतं. आणलं तोवर उशीर झाला होता."

"पण पिशव्या संपल्या नव्हत्या ना? गुरुवारपर्यंत निभेल म्हणालात..."

"नव्हत्या संपल्या. कोणालाच कमी दिल्या नाहीत मी. फक्त पुढची खेप सांगता येत नाही, एवढं म्हटलं होतं." सिस्टर दाराकडे पाहू लागली. "त्यांच्या बाई आल्यात."

पडवीत एक बाई हातगाडीवरून खोकी उतरवत होत्या. एकेक उचलून, पदराने पुसून, त्या भिंतीशी ठेवत होत्या. चार खोकी, एकेकात पाच पिशव्या. सील तुटलेलं नव्हतं.

"पलंगाखाली निघाली," बाई म्हणाल्या. "मला पत्ता नव्हता. म्हणायचे, चारचं काय घेऊन बसलीस, दोनवर भागतंय माझं. मला वाटलं, सुधारतायत." त्यांनी खोक्याचा कोपरा उगाच सारखा केला. "गाडी आलीच नाही तर असू देत, म्हणून ठेवली असणार. कापडाचंही तसंच करायचे ते. तुकडा टाकून म्हणून द्यायचे नाहीत. कोणाच्या तरी उपयोगी पडतील, म्हणून आणली."

घरी गेलेला माल परत घ्यायचा नाही, असा नियम होता. तो नियम तिनेच केला होता. तिने पुढे होऊन एक खोकं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मग दुसरं. तिसरं सिस्टरने उचललं.

चौथं खोकं उचलायला ती वाकली तेव्हा बाईंनी तिच्या मनगटाला हात लावला.

"तुम्ही मोठ्या भांडाराच्या ना? मग तुम्हाला कळेल. हे सगळं त्यांनी वेळच्या वेळी वापरलं असतं, तर पुरलं असतं का हो? तुमची गाडी येईपर्यंत?"

वीस पिशव्या. दिवसाला चार. रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. आणि केंद्रातल्या वेगळ्या. असले हिशेब करायला तिला कधी कागद लागला नव्हता.

बाईंचा हात तिच्या मनगटावर तसाच होता. बोटांना सुया टोचून टोचून घट्टे पडले होते. दुकानात त्याही बसत असणार.

"नाही," ती म्हणाली. "नसतं पुरलं."

"खरंच?"

"खरंच. खूप कमी पडलं असतं."

बाईंनी मोठा श्वास सोडला. "तेच म्हटलं मी," त्या म्हणाल्या, आणि हातगाडी वळवून घेतली.

आत सिस्टर वहीत आलेला माल उतरवत होती. तिचं पेन थांबलं होतं. गाडीची चाकं रस्त्याला लागल्याचा आवाज आला, तशी तिने मान खाली घातली आणि पुन्हा लिहायला घेतलं.