तोंडातले खिळे

नवरा-बायकोचं दुकान एकच, पण बोलणं म्हणजे रोजची चकमक. ती सोफ्यांची कापडं बेतायची, तो ती ठोकून बसवायचा. मूठभर बारीक खिळे गालात धरून, जिभेनं एकेक ओठांशी आणत. हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला वास यायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं: खिळा लागला. त्याचा बापही हेच सांगायचा, आणि म्हातारपण यायच्या आधीच बोळका झाला होता.

गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर लाल डाग पडला, तेव्हा तिनं त्याला जवळजवळ फरफटतच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी हिरड्या पाहिल्या, जिभेच्या कडेची जुनी जखम पाहिली.

"हिरड्यांत जंतूंनी ठाण मांडलंय. असा आजार असलेल्यांत काही कॅन्सर जास्त आढळतात. त्यामुळेच होतात, असं छातीठोक सांगता येत नाही. पण ही जखम भरत नाहीये. तुकडा काढून तपासायलाच हवा."

"खिळा लागलाय," तो म्हणाला.

रस्त्यात तिनं तोंड सोडलं. "मग आठवडाभर खिळे तोंडात घालू नका. रक्त थांबलं तर मी हरले. नाही थांबलं तर मुकाट्यानं तपासायला यायचं."

"नाक कापतो की नाही तुझं, बघच."

खिळे वाटीत आले. तो धुसफुसत एकेक वेचून ठोकू लागला. सकाळी तोंड धुताना मोरीचं दार लावून नळ मोठा सोडू लागला. आयुष्यभर भांडली ती, पण हरावंसं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

आठवडा सरायच्या आतच एका दुपारी वाटी रिकामी दिसली. त्याचा गाल फुगलेला.

"हे काय?"

"रक्त येतंय बघ," तो खिळ्यांआडून म्हणाला. "खिळ्यांनीच येतं."

तिला लावलेलं दार आठवलं, मोठा सोडलेला नळ आठवला. रक्त थांबलंच नव्हतं, आणि भेदरलेल्या या माणसाला दोष द्यायला काहीतरी हवं होतं. तिला कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच संताप आला.

तिनं त्याच्या हनुवटीखाली हात धरला. "थुंका."

मग खिळे तिच्या तळहातावर पडले, ओले, लाल. त्यानं तोंड मिटलं.

"उठा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हातानं शटर ओढायला गेली.