साहेबाची ट्यून

"काका, रागावू नका, पण या ट्यूनचं तुमचं पुढचं चुकतंय," दर्शना म्हणाली.

कोंडीराम तांब्यांनी ट्रम्पेट ओठांवरून खाली घेतला. लालबागच्या बँडपार्टीत पन्नास वर्षं गेली, लग्नं वाजवली, चौदा एप्रिलच्या मिरवणुका वाजवल्या. चुकलात असं तोंडावर म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. आणि ही कालची पोरगी! पण प्रदर्शन तिचं होतं. लोअर परळच्या जुन्या गिरणीतल्या दालनात तिनं जॅझच्या काळातल्या अमेरिकन वादकांचे, चित्रकारांचे, लेखकांचे फोटो लावले होते, आणि संध्याकाळी उद्घाटनाला वाजवायला कोंडीरामांना मोठ्या मानानं बोलावलं होतं.

"माज्या बापानं शिकवलंय हे," ते म्हणाले. "बाप हितं मुंबईच्या मोठ्या हॉटेलात बशा पुसायचा. तिथं अमेरिकेचा काळा साहेब ट्रम्पेट वाजवायचा. एवढा साहेब, पण त्याच्या मुलखात त्याला मागच्या दारानं आत घ्यायचे. त्यानं बापाला जवळ बसवून ही ट्यून दिली. माजा बाप खोटं नाय बोलायचा."

दर्शनानं वाद घातला नाही. त्याच ट्यूनची त्या काळातली रेकॉर्ड तिनं लावली.

सुरुवातीचा सूर न् सूर जुळला. कोंडीरामांची मान डोलू लागली. मग रेकॉर्ड भलतीकडेच वळली आणि त्यांची मान डोलायची थांबली. त्यांचा बाप दौलत तांबे हयातभर सांगत आला होता, ट्यून साहेबाची, आपण नुसते वाजवणारे. तो बाप आज चारचौघांत खोटा ठरणार होता.

"परत लाव."

तीनदा ऐकलं. नाहीच. मग आपलं पुढचं आलं कुठून? त्यांनी ते तोंडातल्या तोंडात, हळू म्हणून पाहिलं. मिरवणुकीत पन्नास वर्षं धावत असलेला सूर संथ झाल्यावर ओळखू आला. त्यांची आजी, दौलतची आई सुंदराबाई गिरणीची पाळी संपवून आली की नातवंडांना थोपटत हेच गुणगुणायची.

"अगं, आमच्या म्हातारीचं आहे हे!" ते ओरडलेच. "साहेबाकडनं बापाला अर्धंच मिळालं असेल. पुढचं त्यानं स्वतः जोडलं आणि नाव लावलं साहेबाचं!"

त्यांना हसू आलं आणि डोळेही भरले. बशा पुसणाऱ्याची चाल म्हणून कुणी ऐकून घेतलं नसतं, हे बाप जाणून होता.

"मग संध्याकाळी रेकॉर्डसारखं वाजवणार?" दर्शनानं भीत भीत विचारलं.

"येडी आहेस काय?"

संध्याकाळी कोंडीराम बँडचा लाल कोट चढवून उभे राहिले आणि अर्धी ट्यून वाजवून थांबले. जाणकारांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हात वर केला.

"हितपर्यंत अमेरिकेचं," ते म्हणाले. "हितनं पुढचं दौलत तांबे, लालबाग. माजा बाप."

आणि छाती भरून श्वास घेऊन त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला.