तारामतीनं राखलेला राग

या, जरा जवळ सरका. सतरंजीच्या कडेला फरशी गार लागते. कीर्तनाच्या बुवांना यायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. गोड नाही हं. रागाची आहे, आणि सांगताना मीही तापणार, तेवढं चालवून घ्या.

दिवटगड नकाशात शोधू नका. तिथं वाढदिवसाला ओवाळत नाहीत. ज्याचा वाढदिवस, त्याला पाटावर बसवून तळहातावर कोरडी पणती ठेवतात. तेल नाही, वात नाही, आपली आपण पेटते. मग घरातल्या एकेकानं समोर बसून वर्षभराचा राग तोंडावर बोलायचा. त्यानं उत्तर द्यायचं नाही. प्रत्येकाच्या बोलण्यानं ज्योत उतरते, सगळ्यांचं झालं की विझते, तोवर हातावरून उतरवायची नाही; मग शिरा. आणि एकदा बोललेला राग पुन्हा जन्मात उकरायचा नाही.

बासष्टच्या जानेवारीत तिथलंच एक कुटुंब उत्तरेत, बनीपार्कात आमच्या शेजारी होतं. नागनाथराव विम्याच्या कचेरीत साहेब, बदलीवर आलेले. त्यांना चाळिसावं लागलं म्हणून गच्चीवर उन्हात पाट मांडला आणि मलाही बोलावलं.

आधी लेक बसली, शालिनी. गणिताच्या वहीवर चहा बाबांनी सांडला, मतलब पूर्ण कप, आणि ओरडा तिला बसला. ज्योत जराशी उतरली. मग त्यांच्या आई, भागुबाई. म्हणाल्या, जेवताना तू माझ्याशी नाही, पेपराशी बोलतोस; आता म्हातारपणी मीही छापून घेते. सगळे हसले. ज्योत करंगळीएवढी उरली.

मग तारामती, त्यांची बायको. ती पाटासमोर बसलीच नाही.

कारण मला ठाऊक होतं. भाद्रपदात सोलापूरहून तार आली होती, तिचे वडील अत्यवस्थ. कचेरीत तपासणी चालू, बायको गेली तर घराचं कोण बघणार, म्हणून या गृहस्थानं ती तार तीन दिवस कोटाच्या खिशात ठेवली. तीन दिवस! ती पोचली तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. आज इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरतं.

भागुबाई म्हणाल्या, बोलून टाक सूनबाई, त्याचा हात भाजतोय. खरंच तळवा लाल झाला होता. आयुष्यभर कीर्तनं ऐकलेली मी, न राहवून म्हटलं, क्षमा कर गं.

"काकू, तुमच्या बुवांना म्हणावं, चूक करणाऱ्यासाठीही एखादं निरूपण ठेवा," ती म्हणाली.

तिचं काय चुकलं होतं?

मग नवऱ्याकडे पाठ करून ती सासूला म्हणाली, "माझा एकटीचा राग असता तर कधीच बोलले असते. यात माझ्या अण्णांचा वाटा आहे. ते तीन दिवस दाराकडे बघत होते. त्यांचा राग मी संपवायचा आणि ह्यांनी शिरा खायचा? नाही जमणार."

बोलायची मनाई मोडून नागनाथरावांनी विचारलं, "मग मी कोणासमोर बसू?"

"सोलापूरला आई आहे. तिच्यासमोर."

नागनाथरावांनी तळहातावरची पणती सावरली. मग उठले. उजवा हात अडकलेला, म्हणून कोट एकाच खांद्यावर टाकला. भागुबाईंनी पुऱ्या बांधून दिल्या. तारामतीनं पुऱ्यांना हात लावला नाही. टांगा स्टेशनकडे निघाला, समोरून वारा सुटलेला, पण ज्योत जरासुद्धा हलत नव्हती. दोन दिवसांचा प्रवास तसाच, हातावर निखारा धरल्यासारखा. मला दया आली नाही, खोटं कशाला सांगू?

शिरा त्या दिवशी कोणीच खाल्ला नाही. सोलापुरात त्या माउलीनं जावयाला काय ऐकवलं, ते मी कधी विचारलं नाही. ते त्या दोघांचं.

आता आरतीला हात जोडाल तेव्हा एक करा. तारामतीच्या वडिलांचं नाव रंगनाथ. शाळेत चित्रकला शिकवायचे. लेकीची वाट बघत गेले. त्यांची आठवण करा.