एका बाईची दोन नाती

माझ्या आईला तुम्ही विम्याबाहेर ठेवलंत. कारण काय, तर ती माझी नणंद लागते.

हो, लागते. मी कधी नाही म्हटलं? माझं लग्न माझ्या सख्ख्या मामाशी झालंय. आईचा धाकटा भाऊ माझा नवरा, आणि माझी आजी माझी सासू. लातूर-उदगीरपासून पार कर्नाटकापर्यंत लिंगायतांच्या कितीतरी घरांत असंच आहे. पोरगी आजोळीच नांदायला गेली, बरं झालं, एवढंच लोक म्हणतात. तुम्ही मात्र त्या दिवशी नांदेडच्या हॉलमध्ये, विम्याच्या नोंदणीच्या टेबलामागं, साहेबाच्या खुर्चीत मागं रेलून हसलात आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलंत, "मामाशी? म्हणजे सख्ख्या?"

मी तेव्हाच सांगितलं होतं, लग्न लावायला आमचे जंगम स्वामी होते, गावजेवण होतं, तुम्हाला तेवढं आमंत्रण द्यायचं राहून गेलं. रांग हसली. तुम्ही हसायचे थांबलात. आता पुढचं सगळं ऐका.

मी सुकन्या. मुखेड तालुक्यातल्या एका गावची ब्रँच पोस्टमास्तर. घराची पुढची खोली म्हणजे पोस्ट. टेबल माझं, खुर्ची माझी, पंखा माझा. शिक्का तेवढा सरकारी. याच टेबलावर मी गावाला विमा विकते. अंगठा लावा, वारसाचं नाव सांगा, झालं. गावातल्या कितीतरी जणांचा अपघात विमा माझ्या हातून निघालाय. माझ्या स्वतःच्या घरात आजारपण आलं तर मात्र देव आणि उसनवारी. म्हणून खेड्यातल्या पोस्टात राबणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी आरोग्य विमा येतोय, आई-वडिलांना घेता येईल आणि जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतील, ही बातमी पोस्टवाल्यांच्या ग्रुपवर पडली तेव्हा बाकीच्यांनी अंगठ्याची चित्रं टाकली आणि मी कामाला लागले.

कारण माझी अव्वा. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिचं नाव अंबिका. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, तेव्हापासून तिच्या हृदयाची एक झडप बिघडलेली. निलंग्याकडच्या गावात माझे वडील शिवमूर्ती वारले, ती एकटी पडली आणि दुखणं वाढलं. चार पावलं चालली की थांबते आणि काहीतरी बघतेय असं दाखवते. कुणाचं तरी दार, कुणाची तरी म्हैस. धाप लागलीय हे कुणाला कळू नये म्हणून. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झडप बदलावी लागेल, फार लांबवू नका. गरिबांच्या योजनेच्या खिडकीवर विचारलं तर म्हणाले, आमच्याकडे हे ऑपरेशन त्यात होत नाही, मोठ्या शहरात नंबर लावा. लावला. अजून आलेला नाही.

म्हणजे माझ्यासाठी हा विमा म्हणजे अव्वाचं ऑपरेशन. दुसरं काही नाही.

सर्क्युलर येण्याआधीच मी तयारीला लागले. अव्वाचं आधार दुरुस्त करून घेतलं. मुखेडला नेऊन तिचा फोटो काढला. लातूरचे सगळे रिपोर्ट लावून ठेवले. आमच्याकडे पत्रं वाटणारा गुरुलिंग रोज टोमणे मारायचा.

"ताई, सर्क्युलर अजून छापलं बी न्हाई अन् तुमचा फोटो काढून झाला? फोटोतली बाई म्हातारी व्हायची की तोवर."

"तू शेवटच्या दिवशी पळत ये," मी म्हणायचे.

"हाव, मी तर पळतच येणार. पोस्टात पळणाऱ्यालाच पगार हाय."

सर्क्युलर आलं. आई-वडील किंवा सासू-सासरे, दोघांपैकी एकच जोडी घेता येईल. ती तुमच्यासोबत राहत असली पाहिजे आणि त्याला पुरावा रेशनकार्ड. घरात कुणाला घ्यायचं हा प्रश्नच आला नाही. अज्जी, म्हणजे माझी सासू सिद्धम्मा, चुलीपासूनच ओरडली, "मला कशाला घेतीस? माझं सत्तरीच्या वरच्यांचं फुकट दवाखान्याचं कार्ड निघालंय. माझ्या पोरीला घे."

अव्वा आमच्याकडेच राहत होती, पण तिचं नाव अजून निलंग्याकडच्या कार्डावर होतं. मग मी आणि मल्लिनाथ, म्हणजे माझा नवरा, तिथून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन आलो आणि मुखेडला तहसिलात उभे राहिलो. रेशनकार्डावर घरातली मोठी बाई प्रमुख असते. आमच्या कार्डावर सिद्धम्मा. कारकुनानं विचारलं, "प्रमुखाशी अंबिकाचं नातं?"

मल्लिनाथ म्हणाला, "मुलगी."

खरंच होतं. कारकुनानं लिहिलं, शिक्का मारला. बाहेर येऊन आम्ही चहा प्यालो, भजी खाल्ली. एवढं वेळेआधी काम झालं म्हणून मी खूष होते. मी माझ्याच हातानं खड्डा खणून त्याच्यावर सरकारी शिक्का मारून घेतला होता, हे मला तेव्हा कुठं माहीत.

नोंदणी उघडली त्याच दिवशी मी अर्ज भरला. सगळ्यात आधी. आणि मुदत संपत आल्यावर तुमचा शेरा आला: नात्यात विसंगती, समक्ष हजर राहावे. मुखेड तालुक्याला तुम्ही तारीख दिली शेवटच्या दिवसाची.

अव्वाला एसटीनं कंधारवरून नांदेडला आणणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. हॉलच्या पायऱ्यांवर ती थांबली आणि भिंतीवरचं पोस्टर बघत बसली. पोस्टरवर हसरं कुटुंब होतं. आई, बाप, आजी, आजोबा. सगळ्यांचे दात पांढरे.

मग तुमचं टेबल.

"हे बघा मॅडम. कार्डावर प्रमुख सिद्धम्मा. तुम्ही तिची सून. अंबिका तिची मुलगी. सुनेला सासूची मुलगी कोण लागते?"

"नणंद."

"मग? नणंद योजनेत बसत नाही."

"साहेब, ती माझी आई आहे. हा माझा शाळेचा दाखला. आईचं नाव अंबिका, वडील शिवमूर्ती. हे तिचं आधार. अंबिका शिवमूर्ती."

"नावं सारखी असू शकतात."

"ती समोर बसलीय. तिला विचारा की."

अव्वानं श्वास गोळा केला. "साहेब, हिला मीच जन्म दिलाय. बाळंतपणाला माहेरी आलते, मुखेडच्या दवाखान्यात. तवा बी लई तरास दिला हिनं अन् आता बी द्यायलीय."

मागं हशा पिकला. तेव्हाच तुम्ही ते "सख्ख्या?" विचारलंत. आणि माझं उत्तर ऐकून तोंड वाकडं करून म्हणालात, "सिस्टीम एका माणसाला एकच नातं घेते."

सिस्टीम तुम्ही बनवली. माझी आई तिच्या आईनं बनवली. चूक कुणाची दुरुस्त करायची?

तुम्ही तोडगाही काढलात. एक छापील मजकूर पुढं सरकवलात. शपथपत्र करून आणा: "अंबिका ही माझी आई असून ती माझी नणंद नाही." पाचच्या आत आणा. आज शेवटचा दिवस.

आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. बाजूलाच स्टॅम्प विकणारा आणि टायपिंगवाला तयारच होता. तुमच्या टेबलावरून उठलेली बरीच गिऱ्हाइकं त्याच्याकडं जात होती. मल्लिनाथ म्हणाला, "लिही ना सुकन्या. कागदच हाय. कागदाला काय कळतंय?"

अव्वा बाकड्यावर छातीवर हात ठेवून बसली होती. "बघ मल्ल्या, लग्न झाल्यापासून हिनं मला नणंद म्हणून एक साडी दिली न्हाई. आता नणंदपण बी काढून घ्यायलीय."

"अक्का, तू गप बस. धाप लागतीय."

"धाप काय, रोजचीच हाय."

तेवढ्यात गुरुलिंग आला. फोटो काढायला पळत आला होता, त्याचं दोन मिनिटांत झालंसुद्धा. आमचं ऐकून तो माझ्याजवळ वाकला. "ताई, माझे आई-बाप धर्माबादला धाकट्याकडं राहतात. मी 'सोबत राहतात' असं टाकलं. कुणी विचारलं बी न्हाई. तुम्ही लई लवकर भरलाव अन् लई खरं भरलाव."

तो चेष्टा करत नव्हता. म्हणून जास्त लागलं.

स्टॅम्पपेपर घ्यायला मल्लिनाथ उठला. मी त्याचा शर्ट धरला. कारण ते वाक्य वाचल्यापासून मला केवळाबाई दिसत होती. आमच्याच गावची. तिच्या नवऱ्यानं एका एजंटाच्या सांगण्यावरून आपला बीपी लपवून विमा काढला होता. नवरा गेल्यावर कंपनीचं पाकीट आलं. मीच नेऊन दिलं, मीच उघडून वाचून दाखवलं: माहिती दडवल्यामुळे दावा नामंजूर. केवळाबाईनं मला दोनदा वाचायला लावलं. तिला वाटलं मीच चुकीचं वाचतेय.

"मामा," मी मल्लिनाथला म्हटलं. घाईत तोंडातून अजून मामाच निघतं. "आज हे लिहिलं तर नोंदणी होईल. पण अव्वा ऑपरेशनच्या टेबलावर असताना कुणीतरी हेच रेशनकार्ड काढेल. म्हणेल, शपथेवर खोटं लिहिलंय. तेव्हा पैसे कोण भरणार? अन् जेलात कोण जाणार, मी का तू?"

तो खाली बसला. छापील मजकूर त्यानं परत एकदा वाचला, ओठ हलवत. मग हळू म्हणाला, "म्हणजे मी हिचा भाऊ न्हाई, असंच झालं की हे."

"तेच झालं."

"मग न्हाई लिहायचं," अव्वा म्हणाली. ती पहिल्यांदाच थट्टेत बोलली नाही. "मी भावाच्या घरात ताठ मानेनं जेवून राहिले. ते घालवून मला झडप नको."

झडप तर हवीच आहे. मी तिला तसं सांगितलं. पण खरं लिहून हवी आहे. टपरीवाल्याकडून कोरा कागद मागितला आणि लिहिलं: अंबिका शिवमूर्ती माझी आई आहे. मी माझ्या मामाशी लग्न केल्यामुळे ती माझी नणंदही आहे. दोन्ही खरं आहे. ती माझ्या घरात राहते, माझ्यावर अवलंबून आहे आणि तिला हृदयाचं ऑपरेशन लागणार आहे. खाली माझी सही, मल्लिनाथची सही. गुरुलिंगनं पेन मागितलं.

"तू कशाला?" मी म्हटलं. "उद्या तुझं उकरून काढतील."

"काढू द्या. साक्षीदार लागतोच की." आणि त्यानं सही ठोकली. रांगेतली कंधारची एक बाई पुढं आली, मला ओळखतसुद्धा नव्हती. "माझी सासू माझी आत्या हाय," ती म्हणाली, "माझी बी घ्या."

तो कागद मी तुमच्यापुढं ठेवला. पाच वाजायचे होते. तुम्ही वाचलात. वाचलात हे मी बघितलंय.

"हे चालणार नाही."

"यातलं खोटं काय आहे?"

"खोटं नाही. फॉरमॅटमध्ये नाही."

"तुमच्या फॉरमॅटमध्ये जे आहे ते खोटं आहे. ते चालतं?"

तुम्ही कॉम्प्युटरवर कव्हर घातलंत. निदान मिळाल्याचा शिक्का तरी मारा म्हटलं, तर शिक्का ड्रॉवरमध्ये आहे म्हणालात आणि ड्रॉवरला कुलूप लावलंत. आम्ही शेवटच्या एसटीनं परत आलो.

पण शिक्का माझ्याकडेही आहे. दुसऱ्या दिवशी तोच कागद, रिपोर्टांसकट, मी माझ्या पोस्टातून स्पीड पोस्टानं तुम्हाला पाठवला. पैसे भरले, पावती फाडली, पोच परत आली. म्हणजे तो तुमच्याकडे आहे. मिळाला नाही असं म्हणू नका. तो नेऊन देणारा माणूस माझ्यासारखाच पायपीट करणारा आहे आणि त्यानं सही घेतलेली आहे.

तेव्हापासून फोन केला की एकच ऐकते, प्रकरण विचाराधीन आहे. कुणाच्या विचाराधीन? तो माणूस विचार करतो कधी? लातूरचा दवाखाना दर वेळी विचारतो, विमा झाला का. अव्वा आता आडवी झोपू शकत नाही, उशा लावून बसूनच डोळे मिटते. परवा अज्जीनं तिला भरवलं. म्हातारी आई पोरीला भरवतेय, हे मी पोस्टाच्या दारातून बघितलं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पासबुकावर शिक्का उलटा मारला. आणि अव्वा आता थट्टाही करत नाही. धापेपेक्षा मला त्याची भीती वाटते.

मला तुमची दया नको. पुढच्या वर्षी परत अर्ज करा, हेही ऐकायचं नाही. पुढच्या वर्षाची हमी डॉक्टरांनी दिलेली नाही.

मंजूर करायचं असेल तर आज करा. नामंजूर करायचं असेल तर तेही करा, पण फोनवर नाही, कागदावर करा. स्पष्ट लिहा की, सुकन्याची आई ही सुकन्याच्या आजीची मुलगी असल्यामुळे तिच्यावर उपचार होणार नाहीत. खाली सही करा.

एवढं लिहायची हिंमत आहे तुमच्यात? उत्तर द्या.