आधी फोन कोणी केला

वर्ना प्रुइटनं गोळी झाडली नव्हती, पण पिस्तूल दाखवणंच तिच्या अंगाशी आलं.

वृद्धाश्रमातली सलग दुसरी पाळी उरकून ती पेट्रोलपंपावर थांबली होती. वाटेत तिनं म्हणे कोणा बकनरच्या ट्रकपुढे गाडी घातली होती. तो दांडगा माणूस टायर खोलायचा लोखंडी पाना घेऊन उतरला आणि शिव्या देत तिच्या काचेवर आपटू लागला. वर्नानं पर्समधलं पिस्तूल काढून दाखवलं, तसा तो मुकाट निघून गेला. परवाना होता, कोणाला खरचटलंही नव्हतं. ओक्लाहोमात एवढ्याशा गोष्टीचा कोण बभ्रा करतो? पोलिसांना कळवायचं तर नसता खोळंबा, आणि तिला उभ्याउभ्या झोप येत होती. ती घरी जाऊन झोपली.

पोलिसांना फोन बकनरनं केला. टायर बसलं म्हणून मदत मागायला गेलो, तर बाईनं पिस्तूल रोखलं, म्हणाला.

"आधी फोन करतो तो फिर्यादी, बाई. उरतो तो आरोपी," कोर्टानं दिलेले वकील हॉलिस डोळे चोळत म्हणाले. तेही दमलेलेच होते.

"अहो, पण जीव वाचवायला पिस्तूल काढणं गुन्हा आहे का?"

"नाही. पण जिवावर बेतलं होतं हे ज्युरीला पटायला हवं. सरकारी वकील विचारणार, एवढ्या घाबरला होतात, तर घरी जाऊन झोपलात कशा?"

"दमले होते म्हणून."

"सांगून बघा त्यांना."

"आणि पंपावरचा कॅमेरा?"

"कधीचाच बंद आहे."

खटला हरली तर तुरुंग, आणि म्हाताऱ्यांची सेवा करायची नोकरी कायमची गेली. सरकारी वकिलांनी देऊ केलेल्या तडजोडीप्रमाणे किरकोळ गुन्हा कबूल केला तर पिस्तूल जाणार, नोकरी राहणार. फक्त भर कोर्टात स्वतःच्या तोंडानं चूक आपलीच होती असं म्हणायचं होतं. वर्नाला भांडायचं होतं, पण त्यासाठी अंगात त्राण लागतं.

"त्यानं मला धमकावलं नव्हतं," ती न्यायाधीशांपुढे म्हणाली. "मीच विनाकारण पिस्तूल दाखवलं."

"हे खरं आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

हे खोटं आहे हे तिच्याखेरीज एकालाच ठाऊक होतं. तिनं वळून बकनरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"हो," वर्ना म्हणाली. त्या दिवशी पान्याची भीती वाटली होती. आज तिला स्वतःची लाज वाटली, आणि दुपारी पाळीवर जायचं होतं.